हार्डडिस्क जातेय की कॉम्प्युटर नुसताच दमलाय?

मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. घरातला जुना डेस्कटॉप अचानक रांगायला लागला, फाइल उघडायला पाच मिनिटं घेतो, मध्येच अडकतो. तर हार्डडिस्क गेली असं समजायचं का? आणि ते ओळखायचं कसं? याचं उत्तर देण्यासाठी मला एक गोष्ट सांगावी लागणार आहे. ती मी आजपर्यंत इथे सांगितली नव्हती, कारण त्यात चूक माझी आहे.

नेहमी ऐकणाऱ्यांना माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगते. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. साठ मशीन, तीन बॅच. इतक्या वर्षांत किती हार्डडिस्क बदलल्या याचा हिशेब नाही. त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने मी 'कॉम्प्युटरची डॉक्टर'. २०२३ च्या जुलैत मिरजेहून मामांचा फोन आला, तेव्हा मीही त्याच ऐटीत फोन उचलला.

मामा एकाहत्तर वर्षांचे. त्यांचा डेस्कटॉप २०११ चा, ५०० जीबीची हार्डडिस्क. मध्ये कधीतरी कुणीतरी विंडोज १० टाकून दिलेलं. मामा म्हणाले, "अगं, चालू व्हायला पंधरा मिनिटं लागतात. आणि काल आईचं गाणं लावलं तर मध्येच थांबलं, गोल गोल फिरत राहिलं."

आईचं गाणं म्हणजे माझ्या आजीच्या ओव्या. १९९४ साली मामांनी टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून दोन कॅसेट भरून घेतल्या होत्या. आजी पुढे तीन वर्षांनी गेली. २००८ च्या सुमारास मामांनी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि त्या कॅसेटच्या एमपीथ्री फाइली केल्या. अकरा फाइली. पुढे कॅसेटना बुरशी लागली, एका दिवाळीच्या साफसफाईत त्या गेल्या. म्हणजे आजीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता: मामांच्या टेबलाखालच्या त्या डब्यात, ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी फोनवर काय सांगितलं? "मामा, काही नाही, बॅड सेक्टर आले असतील. चेकडिस्क लावू या रात्रभर. मी सांगते तसं टाइप करा." आणि मी त्यांच्याकडून चेकडिस्क लावून घेतलं. तेही 'स्लॅश आर' लावून, म्हणजे प्रत्येक सेक्टर वाचून खराब जागा शोधायला आणि बाजूला काढायला सांगणारं.

आता याच्यात चूक काय, ते सांगते. लॅबमध्ये मी हेच करते आणि ते बरोबरच असतं. लॅबच्या मशीनवर मुलांचं काही जपायचं नसतं; सर्व्हरवर सगळ्याची प्रत असते. तिथे प्रश्न असतो, ही डिस्क अजून वापरता येईल का? घरी प्रश्न उलटा असतो. डिस्क गेली तर गेली, काही हजारांत नवी येते. आतलं काय ते आधी वाचायला हवं. मी घरच्या रोग्याला लॅबचं औषध दिलं. चेकडिस्क हे फाइल सिस्टिम दुरुस्त करणारं हत्यार आहे. डिस्क आतून झिजत असेल तर ते तिला रात्रभर घासतं. शिवाय जिथे वाचता येत नाही तिथे ते काही फार विचार करत बसत नाही. खराब तुकडा काढून फाइलीत त्या जागी दुसरा रिकामा तुकडा लावून टाकतं. फाइल 'दुरुस्त' होते, पण तिच्यात भोक पडतं.

सकाळी मामांचा फोन. आवाजात आनंद. "झाला गं दुरुस्त! एकदम पळतोय." मीही खूश. दोन दिवस खरंच पळाला. तिसऱ्या दिवशी परत तेच.

तेव्हा मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. व्हिडिओ कॉल लावून एकेक गोष्ट बघितली. इथून पुढचं नीट ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. यातलं काहीही करताना डिस्कला फारसा त्रास होत नाही.

सगळ्यात आधी टास्क मॅनेजर. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर टिचकी मारा. जुन्या हार्डडिस्कवर विंडोज १० असेल तर 'डिस्क १०० टक्के' हे रोजचंच दुखणं आहे. अपडेट येतात, अँटिव्हायरस फिरतो, सर्चची यादी बनते. तेवढ्यावरून घाबरू नका. बघायचं ते वेग आणि रिस्पॉन्स टाइम. दमलेल्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क १०० टक्के असते आणि खरंच काहीतरी वाचत-लिहीत असते, सेकंदाला बरेच एमबी. मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये १०० टक्के दिसतं, पण वेग जवळजवळ शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद. म्हणजे डिस्क एकाच जागी अडकून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतेय. मामांच्याकडे वेग होता ०.२ एमबी आणि रिस्पॉन्स टाइम चार हजारांच्या वर.

मग कान. टेबलाखाली वाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. हार्डडिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बारीक कुरकुर हा तिचा नेहमीचा आवाज आहे. पण ठरावीक अंतराने 'टक... टक... टक' असा आवाज येत असेल, म्हणजे हेड जागा सापडत नाही म्हणून परत परत मागे जातंय, तर पुढचं काहीही करू नका. कॉम्प्युटर बंद करा. ती डिस्क घरी हाताळायची राहिली नाही. तिथे डेटा रिकव्हरीवाल्यांचंच काम. मामांच्या डिस्कचा तसा आवाज नव्हता. मामींनी फोन खाली डब्याला लावून मला ऐकवला. त्यांच्या मते आवाज 'शेवयांच्या मशीनसारखा' होता. ते ठीक आहे.

तिसरं, इव्हेंट व्ह्यूअर. विंडोजची ही वही फार कमी जण उघडतात. सिस्टिमच्या नोंदींत 'डिस्क' या नावाने ७ क्रमांकाची नोंद दिसली तर विंडोज सांगतंय की खराब ब्लॉक सापडला. १५३ म्हणजे वाचायचा प्रयत्न फसला आणि परत करावा लागला. एखादी जुनी नोंद असेल तर सोडून द्या. मामांच्याकडे पंधरा दिवसांत पानंच्या पानं भरली होती. म्हणजे वही आधीपासून ओरडत होती, मीच ती उघडायला सांगितली नव्हती.

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशनच्या नोंदींत, 'विनइनिट' नावाखाली चेकडिस्कचा अहवाल असतो. तो मामांनी मोठ्याने वाचून दाखवला. 'विंडोज रिप्लेस्ड बॅड क्लस्टर्स इन फाइल', आणि पुढे फाइलचं नाव. अशा सहा ओळी. चार विंडोजच्या स्वतःच्या फाइली. एक कुठल्यातरी लग्नाचा फोटो. आणि सहावी, 'आई ओव्या ०७'.

मामांना त्या ओळीचा अर्थ कळला नाही. मला कळला. मी लगेच काही बोलले नाही.

चौथं म्हणजे स्मार्ट. हा हार्डडिस्कने स्वतःच ठेवलेला स्वतःच्या तब्येतीचा तक्ता. तो बघायला विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चांगलं. निळा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. तक्त्यात पंचवीसेक ओळी असतात, पण आपल्याला चारच पुरतात. ०५, म्हणजे खराब झाले म्हणून बदली जागेवर हलवलेले सेक्टर. सी५, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. सी६, तपासणीत वाचताच न आलेले. आणि सी७, हा डिस्कचा नाही तर वायरचा दोष. ०५ मध्ये दोन-चार असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहिले तर अशी डिस्क वर्षानुवर्षं चालू शकते. आकडा वाढतोय का ते बघायचं. सी५ मात्र शून्य नसेल तर त्याच दिवशी प्रत काढा, कारण त्या क्षणी तुमच्या कुठल्यातरी फाइलीचा तुकडा वाचता येत नाहीये.

एक गंमत लक्षात ठेवा. या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ' रकान्यातले आकडे हेक्समध्ये असतात. मामांनी वाचलं, "सी५, पुढे बरीच शून्यं, मग १२८." ते एकशे अठ्ठावीस नाही, दोनशे शहाण्णव. ०५ समोर १८, म्हणजे चोवीस. सी७ शून्य. डिस्क चाललेले एकूण तास १९,२४४. बारा वर्षांत रोजचे साधारण साडेचार तास. डिस्कने प्रामाणिक नोकरी केली होती म्हणायची.

सी७ शून्य होतं म्हणून मी वायरवर वेळ घालवला नाही. पण तुमच्याकडे तिथे मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर आधी डबा उघडून साटा केबल काढून परत घट्ट बसवा, नाहीतर बदला. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू. लॅबमध्ये मी अशा 'मेलेल्या' डिस्क नुसती केबल बदलून जिवंत केल्या आहेत. एसएमपीएस जुना झाला असेल तरी डिस्क अशीच वागते, मध्येच गायब होते आणि परत येते.

आणि स्मार्टवर किती भरवसा ठेवायचा? गूगलच्या लोकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात दोन गोष्टी निघाल्या. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की त्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट. हे झालं एक. पण गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर मुख्य चार खुणांपैकी एकही खूण आधी दिसलेली नव्हती. म्हणजे तक्ता पिवळा झाला तर विश्वास ठेवा. निळा आहे म्हणून निवांत राहू नका. आणि बायोस किंवा एखादं सॉफ्टवेअर नुसतं 'पास' म्हणत असेल तर त्याला फार अर्थ नाही. ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ते पासच म्हणत राहतं. मामांची डिस्कही त्या दिवशी 'पास'च होती.

मी मामांना म्हटलं, "आता कॉम्प्युटर बंद करा. प्लग काढा. मी शनिवारी येते, तोपर्यंत कुणीही चालू करायचा नाही." मामा म्हणाले, "एकदा आईचं गाणं वाजतंय का बघू?" मी म्हटलं, नको. त्यांना ते आवडलं नाही.

मधल्या दोन दिवसांत शेजारच्यांनी सल्ला दिलाच. एका दुकानदाराने सांगितलं, "आणा इकडे, फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो." दुसऱ्या कुणीतरी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. हे दोन्ही करू नका. फ्रीजरमधून काढल्यावर डिस्कवर, आतही, दव धरतं आणि तबकडीवर पाणी म्हणजे संपलंच. आणि घरी डिस्कचं झाकण उघडून बघणाऱ्यांना तर काय बोलावं! धुळीचा एक कण हेडच्या खालच्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

शनिवारी पुण्याहून सकाळच्या गाडीने गेले. बॅगेत १ टीबीची नवी डिस्क आणि सिस्टिमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह. ही लिनक्सची अशी आवृत्ती आहे जी पेनड्राइव्हवरूनच चालू होते, आजारी डिस्कला हात लावत नाही. विंडोज मात्र चालू होताना स्वतःच डिस्कवर लिहायला लागतं, दुरुस्त्या करायला बघतं. कधी कधी तर न विचारता चेकडिस्कच सुरू करतं. तसं झालं तर पहिल्या काही सेकंदांत कुठलंही बटण दाबून ते थांबवता येतं, हेही लक्षात ठेवा.

प्रत काढायला वापरलं जीएनयू डीडीरेस्क्यू. नुसत्या कॉपी-पेस्टमध्ये आणि याच्यात फरक असा, की कॉपी-पेस्ट पहिल्या खराब जागेवर अडून बसतं, आणि तेवढ्यात डिस्कचा जीव जातो. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं. अडलं की तो भाग सोडून पुढे जातं. सगळं सोपं झालं की मग मागे येऊन अवघड भागांत बारीक बारीक तुकडे वाचायला बघतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं, याचा नकाशा एका फाइलीत लिहीत जातं. ती नकाशा फाइल नव्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हच्या लाइव्ह सिस्टिममध्ये ठेवली तर लाईट गेल्यावर तीही जाते.

आणि कुठली डिस्क जुनी, कुठली नवी, हे दोनदा बघा. आकार बघा, सिरियल नंबर बघा, कागदावर लिहा. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते, आणि मग कुणीच काही करू शकत नाही. मी ते नंबर मामींकडून वाचून घेतले, कारण तोपर्यंत माझा स्वतःवरचा विश्वास जरा कमी झाला होता.

दुपारी दोनला लावलं. मामा खुर्ची ओढून समोरच बसले. टक्का वाढताना बघायचे, क्रिकेटचा स्कोअर बघतात तसे. सातपर्यंत ९९ टक्क्यांच्या पुढे गेलं. मग वेग एकदम पडला, कारण आता अवघड जागा उरल्या होत्या. साडेनऊला लाईट गेली. मिरजेतला पाऊस, तो काय सांगून येतो? मामांचा यूपीएस कधीच निवृत्त झालेला. अंधारात मामा म्हणाले, "गेलं का सगळं?" मी म्हटलं, नकाशा आहे. अकराला लाईट आली, तीच कमांड परत दिली, जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं. पहाटेपर्यंत तीन फेऱ्या मारून झाल्या. न वाचलेलं उरलं एकशे वीस केबीच्या आसपास. ५०० जीबीतलं एवढंच.

मग मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं. मूळ डिस्कची लांबलचक तपासणी, ज्यात प्रत्येक सेक्टर वाचला जातो, ती मी त्यानंतर लावली. नुसत्या उत्सुकतेपोटी. ती काही मिनिटांतच वाचनाच्या चुकीवर थांबली. आता ती डिस्क मामांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते.

लग्नाचा फोटो अर्धा राखाडी झालाय. तो कुणाच्या लग्नातला होता ते अजून ठरलेलं नाही. ओव्यांच्या दहा फाइली पूर्ण वाजल्या. सातवीत सुरुवातीची दोन मिनिटं बरोबर, मग साधारण तीन सेकंद काहीच नाही, आणि परत आजीचा आवाज. जात्याची घरघरसुद्धा तेवढा वेळ थांबते. एका ओवीचा अर्धा भाग तिथे गेला.

मला अनेकांनी विचारलं, चेकडिस्क लावलं नसतं तर ते तीन सेकंद वाचले असते का? डीडीरेस्क्यूने ते सेक्टर तीनदा वाचून बघितले, नाही वाचले. पण ते चेकडिस्कने रात्रभर घासल्यानंतरचे प्रयत्न होते. आधीच्या दिवशी वाचले असते की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. मामांना मी त्याच सकाळी सगळं सांगितलं, त्या अहवालातल्या सहाव्या ओळीचा अर्थसुद्धा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दहा आहेत ना? त्या आधी तुझ्या आईला पाठव." संध्याकाळपर्यंत त्या फाइली चार घरांतल्या फोनवर, माझ्या लॅपटॉपवर आणि गूगल ड्राइव्हवर गेल्या होत्या. पंधरा वर्षांत हे काम कुणी केलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

जाताजाता एसएसडीवाल्यांसाठी. तुमच्याकडे टकटक होणार नाही, कुरकुर नाही, बऱ्याचदा मंदपणाही नाही. ती एका सकाळी दिसेनाशीच होऊ शकते. त्यावर वेगळा भाग करू.

आणि सातव्या फाइलीबद्दल एक राहिलं. मामी म्हणाली, ती ओवी मला येते, मी सासूबाईंकडूनच शिकलेय, आणि म्हणूनही दाखवली. मामा म्हणाले, "आई असं म्हणत नव्हती." त्यावरून दोघांचं अजून चालू आहे. मागच्या महिन्यात मी मामीचा तो तुकडा फोनवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवला. नाव दिलंय, 'ओव्या ०७ मामी'. मामांना अजून सांगितलेलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. स्मार्टच्या तक्त्याचे फोटो पाठवायचे असतील तर सी५ ची ओळ स्पष्ट दिसेल असे पाठवा.